उठून बसणे म्हणजे बरे होणे नव्हे

माझ्याकडे येणारा माणूस कंबर दाखवतो, मान दाखवतो, गुडघा दाखवतो आणि मी विचारते, "झोप कशी आहे?" त्यासरशी समोरच्या चेहऱ्यावर एक शंका उमटते : बाईंना ऐकू कमी येते की काय? नळदुर्गातल्या एका आजींनी तर मला सरळ सुनावले होते, "झोपंचं काय इचारता? कंबर दुखती म्हणून झोप न्हाय. तुमी कंबर थांबवा, झोप माझी मी आणते." तर्काच्या दृष्टीने या विधानात खोट काढणे अवघड आहे. अडचण एवढीच, की शरीर इतक्या सरळ तर्काने चालत नाही.

या अंकाच्या संपादकांनी 'जुनाट दुखण्यात चांगली झोप कशी लागेल' यावर लिहा असे सांगितले, तेव्हा मी प्रथम एक नीटनेटका लेख लिहायला घेतला. काय करावे, काय टाळावे, अशा धर्तीचा. तो अर्ध्यावर सोडला. त्यातले सगळे खरे होते. पण ते खरे एखाद्या घरात नेऊन ठेवले की त्याचे काय होते, हे त्यात कुठेच नव्हते. उपचार करून मी थकत नाही. थकते ती या दुसऱ्या गोष्टीने. म्हणून लिहायचे तर तिच्याविषयीच लिहावे, असे ठरवले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झाले. जुनाट वेदनेच्या उपचारांचे जादा प्रशिक्षणही तिथेच घेतले. इथे नळदुर्गात थोडा काळ काम करायचे, अनुभव गोळा करायचा आणि पुढच्या संशोधनासाठी बाहेर पडायचे, असा माझा आराखडा होता. तो अजून आराखडाच आहे. आठवड्यातला एक दिवस मी भूमला बसते, तोही बाजाराचा. एरवी केवळ दुखणाऱ्या कमरेसाठी कुणी एसटीत चढत नाही. भाजी, बाजरी, गूळ घेऊन झाला की उरलेल्या वेळात पिशव्या दाराशी टेकवून माणसे आत येतात. बाकीचे दिवस नळदुर्गच्या एका धर्मादाय दवाखान्यात. लोकांच्या लेखी मी 'मालिशवाल्या मॅडम'. मालिश मी क्वचितच करते. माणसाला पुन्हा हलायला शिकवते, वेळेवर थांबायला शिकवते आणि जमल्यास झोपायला शिकवते.

नवे दुखणे आणि जुनाट दुखणे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे समजावण्यात माझा निम्मा दिवस जातो. पाय मुरगळला तर दुखणे निरोप्याचे काम करते : इथे इजा आहे, जपा. इजा भरून आली की निरोप थांबायला हवा. काही माणसांत तो थांबत नाही. चोर केव्हाच पळून गेलेला असतो, पण वस्तीवरचे कुत्रे भुंकतच राहते. पुढेपुढे ते पानांच्या सळसळीवरही भुंकते. मज्जासंस्था अशी बिथरली की एक्स-रे स्वच्छ येतो आणि माणूस मात्र कळवळत असतो. 'फोटोत काही नाही' हे वाक्य डॉक्टर दिलासा म्हणून उच्चारतात. घरी पोचेपर्यंत त्याचा आरोप झालेला असतो.

झोपेचा संबंध इथे येतो. झोप मोडली की हे कुत्रे आणखी बिथरते. कालच्याच कमरेत आज जास्त दुखते. दुखते म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून जास्त दुखते. या फेऱ्यात दुखण्याच्या बाजूने शिरायला सहसा वाट सापडत नाही. झोपेच्या बाजूने कधीकधी सापडते. म्हणून मी आधी झोपेचे विचारते.

सांगायच्या गोष्टी साध्या असतात आणि बहुधा म्हणूनच कुणाला पटत नाहीत. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. दिवसा अंथरुणावर पडून राहायचे नाही. दमलात तर बसून विसावा घ्या. अंथरूण झोपेसाठीच, तिथे टीव्ही, मोबाइल आणि भांडण नको. झोप येत नसेल तर तळमळत न राहता उठून बसायचे, डोळे जड झाले की परत आडवे व्हायचे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. बरे वाटले त्या दिवशी साचलेले सगळे काम एकदम उपसायचे नाही. चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि शेजारणीच्या सांगण्यावरून वाढवायच्याही नाहीत. ते डॉक्टरांना विचारायचे.

यातली अंथरुणाची गोष्ट पटवायला मी उस्मानभाईंचे उदाहरण सांगते, त्यांच्या परवानगीने. हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवून त्यांच्या कमरेने दम सोडलेला. घरी जाड गादी, पंखा, शांतता, आणि झोप नाही. त्यांच्या पत्नी माझ्याकडे तक्रार घेऊनच आल्या होत्या.

"घरी आले की रातभर कुशी बदलत्यात. अन् गाडीत? ढाब्यावर गाडी लावली की घोरणं चालू! मॅडम, माझ्या घरात काय काटे अंथरलेत का?"

उस्मानभाई कसनुसे हसले. "काटे न्हाय गं. गाडीत पडलं की फक्त नींद. घरी पलंगावर टेकलो की तू पोरीच्या स्थळांचा विषय काढतीस."

पलंग म्हणजे झोप, हे नाते त्यांच्या घरी तुटले होते आणि ट्रकच्या केबिनमध्ये टिकले होते. स्थळांची चर्चा आम्ही पलंगावरून ओसरीवर हलवली, उठायची वेळ बांधली. कंबर आजही दुखते, पण ते घरी झोपतात. माझ्या व्यवसायात याला यश म्हणतात. ते कुणाला काढून दाखवता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

हीच गोष्ट मी मंगलबाईंना सांगितली होती.

मंगलबाई अणदूरजवळच्या एका वस्तीवरच्या. वय चाळिशीच्या पुढचे. घरी सासू कोंडाबाई, त्यांचे दोन मुलगे आणि दोन सुना; मंगलबाई थोरल्या, सुनीता धाकटी. सोयाबीन, थोडी तूर, आणि डेअरीला दूध घालण्याइतक्या म्हशी. पंपाची वीज बरेचदा रात्री येते, म्हणून पुरुष रात्री पाणी द्यायला शेतावर आणि दुपारी घरी झोपलेले. त्या झोपेला कुणी नावे ठेवत नाही. काही वर्षांपूर्वी कडब्याचा भारा उचलताना मंगलबाईंच्या कमरेत लचक भरली, ती गेलीच नाही. बऱ्याच कुरबुरींनंतर घरात एक वाटणी ठरली : धारा, शेण आणि पाणी सुनीताकडे, निवडणे-टिपणे आणि बसून होईल तेवढे मंगलबाईंकडे. ती वाटणी होऊन मंगलबाई दारातल्या बाजेवर आल्या आणि तिथेच राहिल्या.

"दिवसभर पडून असता?" मी विचारले होते.

"पडूनच की. उठून कुठं जाऊ?"

"दुपारी डोळा लागतो?"

"लागतो. मग रातीला आढ्याकडं बघत बसते. समद्यांचं घोरणं ऐकते. जीव नको होतो मॅडम. दुखण्याचं सोसंल एक वेळ, पण हे जागणं…"

मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली. पुढच्या खेपेला विचारले तर काहीच केलेले नव्हते. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. बसल्यावर दुखत असेल, अशा समजुतीने मी बसण्याच्या तीन पद्धती शिकवल्या, पाठीशी घ्यायला गुंडाळी करून दिली. शेवटी थोडे चिडूनच विचारले, "मंगलबाई, अडचण काय आहे?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "माझं दुखणं फोटोत न्हाय मॅडम. अंगावर जखम न्हाय. ते फकस्त बाजंवर दिसतंय. म्या उठून बसले की ते गेलं."

मला हे आधी कळायला हवे होते असे नव्हे. हे पुस्तकात नसते. आपल्याकडे माणूस आजारी आहे की नाही, हे त्याने अंथरूण धरले आहे का यावर ठरते. भेटायला येणारी बाई उंबऱ्यातून आधी बाजेकडे पाहते. बाज भरलेली दिसली तर चुकचुकते, चहा घेते, जाते. रिकामी दिसली तर म्हणते, "आज बरं वाटतंय म्हणायचं!" हे वाक्य गोठ्यात सुनीताला ऐकू जाते, आणि मग तिथून भांड्यांचा आवाज जरा मोठा येऊ लागतो. घरातली वाटणी बाजेवर उभी होती. चांगल्या झोपेसाठी मी मंगलबाईंना जी गोष्ट सोडायला सांगत होते, ती त्यांच्या दुखण्याची एकमेव साक्षीदार होती.

तरीही त्यांनी ती सोडली. न झोपण्याला त्या इतक्या विटल्या होत्या. आधी सकाळच्या वेळी भिंतीला टेकून बसू लागल्या, मग बांधापर्यंत जाऊन येऊ लागल्या, मग दुपारचे पडणेही बंद केले. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, जातातच. नंतर रात्रीची झोप हळूहळू एका जागी गोळा होऊ लागली. एका खेपेला त्या दवाखान्यात आल्या त्या हसतच.

"मॅडम, आज पहाटं दुधाची गाडी आल्याली मला कळलीच न्हाय!"

दुखण्याचे विचारले, तर त्यांनी हात हलवला. "हाय तितकंच हाय. पण आता त्याला त्वांड देता येतंय."

त्या काळात एका परिषदेत मांडण्यासाठी मी काही केसेस निवडत होते. मंगलबाईंची केस पहिली घेतली. झोप सुधारली, वेदना जवळजवळ तेवढीच, कार्यक्षमता वाढली. या शेवटच्या दोन शब्दांचा मला विशेष अभिमान वाटत होता.

मग एका दुपारी सुनीताचा नवरा बालाजी दवाखान्यात आला. कपाळावर भंडारा, हातात नारळ आणि प्रसादाची पुडी.

"वहिनी उठल्या मॅडम! आईनं नवस फेडला. तुमचा बी प्रसाद धाडलाय."

"कसला नवस?"

"खंडोबाला बोलली हुती. वहिनी बाजंवरनं उठली की जागरण घालीन म्हणून. लई जुना नवस हाय. देव नळदुर्गाला जायच्या आत, अणदुरातच हाय तोवर उरकून टाकू म्हणली. समदे पाव्हणे आले हुते. वाघ्या-मुरळी काय रंगले म्हणता! वहिनीला म्होरंच बसवलं हुतं, पार उजाडस्तवर."

महिनोन्महिने खपून लावलेल्या झोपेचा आनंद त्या घराने तिच्या मालकिणीला रात्रभर जागी ठेवून साजरा केला होता. मला हसू आले. ते फार टिकले नाही, कारण पुढचा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप गेला.

"धारा कोण काढतं आता?"

"वहिनीच की," बालाजी सहज म्हणाला. "बऱ्या झाल्या न्हवं."

उपचार म्हणून उठलेल्या बाईला घराने बरी झालेली समजले, आणि त्यावर सगळ्या भावकीसमोर देवाची मोहोर उमटली. मी एखाद्याला बरा म्हटले आणि ते चुकले, तर मला दुरुस्ती करता येते. जागरण घालून बरी ठरलेल्या बाईची फेरतपासणी कोण करणार? आता 'दुखतंय' म्हणणे म्हणजे देव पावला नाही म्हणणे, सासूने खोटा नवस फेडला म्हणणे. त्याआधी मंगलबाईंना निदान आडवे होऊन दुखणे सांगता येत होते. माझ्या उपचारानंतर तेही बंद झाले. परिषदेसाठी लिहिलेले 'कार्यक्षमता वाढली' हे शब्द मी त्या दिवशी पुन्हा वाचले. ते खरे होते. घराने नेमके तेवढेच वाचले होते.

बालाजीबरोबर मी निरोप दिला. मंगलबाई आल्या नाहीत. बरे झालेल्या माणसाने दवाखान्यात कशाला जायचे?

काही आठवड्यांनी सुनीता आली. एकटी. तिला मी पूर्वी एकदोनदाच पाहिले होते, जावेला आणून सोडताना, दाराबाहेर उभी. आत येऊन तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "माझा खांदा बगा."

खांदा खरोखर वाईट होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, आणि त्या कुशीवर झोपणे तिने केव्हाच सोडले होते.

"हे कधीपासून आहे?"

"जाऊबाई पडल्यापासनं. दोघींच्या वाटच्या धारा एकटीनं काढायच्या म्हणल्यावर काय हुणार?"

"मग इतकी वर्षं आला का नाहीत?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "एका घरात दोघी कशा पडतील मॅडम? बाज एकच हाय. आता त्या उठल्या. आता म्या पडू का?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. तिने रीतसर पाळी लावली होती. मी तिला सांगितले की पडून राहिल्याने हा खांदा सुधारणार नाही; व्यायाम आहेत, कामाची विभागणी आहे, दुसऱ्या कुशीवर झोपताना हाताखाली उशी घेणे आहे.

"म्हंजी उभ्यानंच दुखवून घ्यायचं," ती म्हणाली. "अन् मानंल कोण?"

जावेने बाजेवर वर्षे काढून जे सांगितले होते, तेच हिने कधी बाजेवर न टेकता सांगितले. एवढ्या वर्षांत त्या दोघी याविषयी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. मी विचारले, "मंगलबाई कशा आहेत?"

"कशा असत्याल? म्हशीच्या कुशीत डोकं खुपसून धारा काढत्यात. मला वाटलं दमल्या आसतील म्हणून. जवळ जाऊन बघितलं तर रडत हुत्या." तिने दुखरा हात मांडीवर ओढून घेतला. "रातच्याला झोपत्यात मातर. आत्याबाईच सांगत हुत्या. पण आसं किती दिस चालायचं?"

"घरी सांगत का नाहीत?"

"देवाचं झालंय न्हवं. आत्याबाई भित्यात. अन् म्या बोलले तर लोक म्हणतील, धारा चुकवतीया. तुमी या एकदा."

मी घरी जात नाही. गेले की उपचारापेक्षा चहाच जास्त होतो. या घरी गेले. पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे कुणी चमत्काराची वाट पाहणार नाही. मंगलबाईंचे दुखणे गेलेले नाही, आणि ते जाईल असे मी त्यांना कधी सांगितलेले नाही. बऱ्याच रात्री त्यांना झोप लागते, काही रात्री लागत नाही. सुनीताचा हात आता वेणी घालण्यापुरता वर जातो. परिषदेला मी दुसरीच केस नेली. माझ्या कामात याहून मोठे काही क्वचितच घडते, आणि घडले तरी ते टिकवण्यासाठी दर आठवड्याला पुन्हा तेच बोलावे लागते, त्याच माणसांशी, त्याच सुरात. कधीकधी एसटीच्या खिडकीला डोके टेकून परतताना मला वाटते, माणसाला झोपायला शिकवण्याच्या या नोकरीत माझ्याच डोळ्यांवर सगळ्यांची राहिलेली झोप साचते आहे.

मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. मंगलबाई गोठ्याच्या तोंडाशी पेंड भिजवत उभ्या होत्या. एक हात घमेल्यात, दुसरा भिंतीला. मला पाहून त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. कोंडाबाई लिंबाखाली तूर पाखडत होत्या. बालाजी नुकताच झोपेतून उठून बाजेवर चहा पीत होता. मंगलबाईंची बाज आता त्याच्याकडे गेली होती.

"या माय, बसा," कोंडाबाई म्हणाल्या. "सुनीते, च्या टाक."

मी बसले आणि आडवळण न घेता बोलले. "आजी, मंगलबाईंची कंबर दुखते."

सूप थांबले. "आता न्हाय दुखत. उठली की ती."

"उठायला मीच सांगितलं होतं. दिवसा उठून बसलं तर रात्री झोप लागते, म्हणून. तो उपचार आहे. दुखणं आहे तसं आहे. हे काम असंच चालू राहिलं तर आलेली झोपही जाईल."

कोंडाबाईंनी मंगलबाईंकडे पाहिले. मंगलबाई घमेल्यात पाहत होत्या.

"म्हंजी बरी न्हाय झाली?" म्हातारीचा आवाज खाली आला. "अन् आमी झाली म्हणून देवाला सांगितलं? समद्या भावकीला जेवू घातलं? माय, आसलं बोलू नका. कडक देव हाय तो. त्याला खोटं चालत न्हाय."

त्या घाबरल्या होत्या, आणि ती भीती नाटकी नव्हती. मज्जासंस्थेविषयी मी त्यांना काहीही सांगू शकले असते. देवाला दिलेला शब्द खोटा ठरला तर काय करायचे, हे माझ्या प्रशिक्षणात नव्हते. नेमकी त्याच वेळी शेजारच्या घरातली गोदाकाकू आत आली, भावकीतलीच, नात्याने कोंडाबाईंची जाऊ. जागरणाला पहिल्या रांगेत बसलेली. तिने उंबऱ्यातूनच मंगलबाईंना न्याहाळले.

"काय गं मंगल, देव पावला की! घोड्यावानी उभी हायस. आता डॉक्टरीणबाई कशापायी आल्या?"

मंगलबाईंचा हात पुन्हा भिंतीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी एकदा बाजेकडे पाहिले. तिच्यावर बालाजी बसलेला होता.

चहाची कपबशी घेऊन बाहेर आलेली सुनीता तिथेच उभी राहिली. "काकू, उभी हाय म्हणून दुखत न्हाय, आसं कुणी सांगितलं तुमाला?"

"अगं, पर…"

"म्या बी उभीच हाय. इतकी वरसं उभी हाय. माझा खांदा वर जात न्हाय, कुणाला दिसला? त्यांची कंबर दुखती. आत्ता दुखती. इचारा त्यांनला."

गोदाकाकूने मंगलबाईंना विचारले नाही. ती कोंडाबाईंकडे वळली. तिच्या बोलण्यात आता गोडवा होता, आणि तो चांगला नव्हता. "मग त्या राती जागरण कशाचं घातलंस गं कोंडे? देव पावला न्हाय म्हण की!"

मंगलबाईंनी मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या सासूकडे पाहत होत्या. कोंडाबाईंना आता दोनच गोष्टी म्हणता येत होत्या. एक म्हटली तर देव वाचत होता, दुसरी म्हटली तर सून.

कोंडाबाईंनी सुपातला खडा शोधून बाजूला टाकला.

"पावला की," त्या म्हणाल्या. "रातभर कण्हायची पोरगी, म्या शेजारी आसते, मला ठावं हाय. आता झोपती. ते देवानं दिलं. दुखणं हाय आजून तिला. ते आमचं आमी बगून घिऊ."

मंगलबाईंनी हात भिंतीवर ठेवला, नीट, सगळा भार देऊन; मग सावकाश भिंतीलगत खाली बसल्या आणि सगळ्यांदेखत कंबर दाबत म्हणाल्या, "लई ठणकतीया आज."

"ठणकंल न्हाय तर काय," कोंडाबाई म्हणाल्या. "बस जरा. पडू नगंस. मॅडम वरडत्याल."

म्हशी हंबरायला लागल्या होत्या. सुनीताने कपबशी माझ्या हातात दिली, गोठ्यात गेली, बादली घेऊन आली आणि ती नवऱ्याच्या पायाशी ठेवली. बालाजीने चहाचा कप तोंडापासून दूर केला.

"हे काय?"

"बादली."

"ती दिसतीया मला."

"मग उठा की."

तो आईकडे पाहू लागला. आई तूर पाखडत होती. मग तो माझ्याकडे पाहू लागला, जणू काही वैद्यकीय कारण मी सुचवीन. मी चहा प्यायले.

बालाजी उठला. त्याची कंबर ठणठणीत होती.